आधी नळी खाली

व्हर्लिन सॉर्बी हा गुरं पाळणारा, मोजकं बोलणारा माणूस. भुताखेतांचा विषय निघाला की हा उठून कॉफी ओतायला जाणार. म्हणून ही गोष्ट व्हर्लिनची आहे म्हटल्यावर आमच्या साउथ डकोटात कुणी हसत नाही. तुम्हीही हसू नका. जरा शेगडीकडे सरका आणि ऐका.

जानेवारीचा शेवटचा रविवार होता. फेझंटच्या, म्हणजे आमच्याकडच्या रानकोंबड्यांच्या, शिकारीचाही तो शेवटचाच दिवस. दुपारची जेवणं आटोपल्यावर व्हर्लिननं बहिणीच्या दारात पिकअप उभी केली. बहीण कार्ला दवाखान्यात नर्स. तिची तिन्ही पोरं बूट चढवून पायरीवर तयारच होती. मोठी टेसा, मधला गस आणि धाकटी विनी. टेसाचा हा शिकारीचा दुसरा हंगाम, गसचा पहिला. विनी अजून लहान, तिच्या हातात बंदूक द्यायचा प्रश्नच नव्हता. पण जिथे गस तिथे विनी. तिला घरी ठेवायचं म्हणजे दिवसभराची रडारड.

"धड परत आणशील ना?" कार्लानं गाडीच्या खिडकीत डोकं घालून विचारलं.

"कोंबडे की पोरं?"

"व्हर्लिन, मी हसत नाहीये."

"आणतो गं बाई. आजवर कधी एखादं कमी आणलंय का?"

गाडी खडीच्या रस्त्याला लागली. मागे हेझल, म्हातारी लॅब्रॅडोर कुत्री, घोंगडीवर पसरली होती. गस खिडकीबाहेर बघत गप्प बसला होता. अख्खा हंगाम सरला तरी त्याला एक कोंबडा मिळाला नव्हता. शाळेत त्याच्या वर्गातल्या पोरांनी कोंबड्यांच्या लांब शेपटांची पिसं टोप्यांना खोचली होती. याची टोपी आपली कोरी.

"गसला बघून कोंबडे उडत नाहीत," टेसा म्हणाली, "थांबून हालहवाल विचारतात."

"टेसा, गप बस हं."

"अरे, आज मिळेल," व्हर्लिन म्हणाला. "पण आधी बोला. नियम काय?"

हा नियम आमच्याकडे पोरं पाढ्यांच्याही आधी शिकतात. मारायचा तो फक्त नर. लाल तोंड, गळ्याला पांढरं कडं, लांब शेपूट. मादी असते मातकट, तिला हात लावायचा नाही, तसा कायदाच आहे. पण पक्षी पायाखालून भर्रकन उठतो तेव्हा बघायला क्षणभरच मिळतो. म्हणून रांगेत ज्याला आधी ओळखू येईल त्यानं ओरडायचं. "कोंबडा!" म्हटलं की बार टाकायला मोकळे. आणि "मादी!" म्हटलं की...

"आधी नळी खाली," टेसा आणि गस एका सुरात म्हणाले.

"मग?"

"मग भांडण."

"ओरडणारा चुकला असला तर?" विनीनं मधेच विचारलं.

"तरी नळी खालीच, बाळा. कोंबडे पुढच्या वर्षीही असतात."

गसनं मान हलवली, पण त्याचा चेहरा सांगत होता की पुढचं वर्ष त्याला फार लांब वाटतंय.

ऑर्व्हिल म्हाताऱ्याच्या शेतामागे एक लांबलचक पाणथळ आहे. हिवाळ्यात ती पार गोठते, आणि तिच्यात माणसाच्या डोक्यावर जाणारी पाणकणसं वाळून उभी असतात. हंगाम संपत आला की शहाणे झालेले सगळे कोंबडे तिथे दडून बसतात. व्हर्लिननं तिथेच गाडी थांबवली. दार उघडताच वारा अंगावर आला. सगळ्यांनी भडक केशरी जाकिटं आणि टोप्या चढवल्या, म्हणजे गवतात माणूस लांबून दिसावा. विनीचे दात वाजायला लागले होते.

"गाडीत बसतेस का?"

"नाही."

व्हर्लिनला तिची दया आली. त्यानं सीटमागून आपला गोठ्यातला जाड तपकिरी कोट काढला आणि तिच्या अंगावर घातला, जाकिटावरून, टोपीवरून, हुडासकट. कोट तिच्या बुटांपर्यंत आला. आता पोरगी उबेला आहे, एवढंच त्याच्या मनात होतं. सबंध आयुष्य शिकारीत गेलेल्या माणसाला त्या वेळी दुसरं काही सुचू नये, याचं त्याला आजही नवल वाटतं.

"तू काठानं चालायचंस. कुंपणाच्या कडेकडेनं. आत यायचं नाही. कळलं?"

"कळलं."

मधे व्हर्लिन, उजवीकडे गस, डावीकडे टेसा, अशी रांग धरून तिघं आत शिरली. हेझल पुढे हुंगत निघाली. आत वारा कमी, पण आवाज जास्त. वाळकी पानं एकमेकांवर घासत होती. अंगाला लागलं की कणीस फुटायचं आणि त्याचा कापूस नाकातोंडात जायचा. गोठलेल्या चिखलाचा कुबट वास येत होता. समोर हाताच्या अंतरापलीकडे काही दिसत नव्हतं, शेजारच्याचं केशरी जाकीट तेवढं मधूनमधून दिसायचं, म्हणून व्हर्लिन थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायचा. रांग वाकडी झाली की बंदुका एकमेकांवर येतात.

"टेसा?"

"इथेय."

"गस?"

"इथे."

"विनी?"

"इथे!" आवाज जरा पुढून आला. वाऱ्यानं तसा वाटला असेल, असं म्हणून त्यानं सोडून दिलं.

मग त्याच्या कानांना एक गोष्ट खटकायला लागली. बर्फावर बूट करकरतात, आणि किती जण चालतायत ते जुन्या शिकाऱ्याला न बघता समजतं. टेसाच्याही पलीकडे, डाव्या अंगाला, आणखी कुणीतरी चालत होतं. जड पावलं, अगदी रांगेला रांग धरून, ना पुढे ना मागे. व्हर्लिन थांबला. टेसा थांबली. तीही पावलं थांबली...

"मामा, ऑर्व्हिलआजोबा आलेत का?" टेसानं हळूच विचारलं.

"ते या थंडीत? चल, चालत राहा."

आणि तेवढ्यात गसच्या पायापाशी बर्फ फुटलं. कोंबडा! सोन्यासारखा तांबूस, गळ्याला पांढरंशुभ्र कडं, शेपूट हातभर लांब. वर चढण्याऐवजी तो वाऱ्याखाली दबून सरळ समोर निघाला, कर्कश ओरडत. मादी अशी ओरडत नाही. आंधळ्यालाही कळलं असतं की हा नर आहे. समोर नुसती पाणकणसं होती. गसची बंदूक खांद्याला लागली, गाल दस्त्यावर टेकला, सगळं कसं शिकवल्यासारखं.

"कोंबडा!" व्हर्लिन आनंदानं ओरडला. "मार, गस!"

"मादी."

हा दुसरा आवाज डावीकडून आला. ओरडलेला नव्हता. थकलेला, घोगरा, पण स्वच्छ. तीच हाक वर्षानुवर्षं देत आलेल्या माणसाचा वाटावा असा.

गसनं नळी खाली केली.

कोंबडा केकाटत पार शेतापलीकडे निघून गेला. गस तसाच उभा होता, डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले. व्हर्लिनला राग आला. पोराच्या हातातोंडाशी आलेला घास, कोण हा शहाणा? तो तोंड उघडणार, तोच समोरची पाणकणसं हलली. नळी जिथे रोखली होती अगदी तिथेच, चार पावलांवर. पानांच्याच रंगाचा तपकिरी कोट बाहेर आला, आणि हुडातून लालबुंद नाक.

"हेझल काठाला आली आणि परत आत शिरली," विनी म्हणाली, "म्हणून मी पण आले. मामा, रागावू नको ना..."

व्हर्लिन पाणकणसं तुडवत तिच्याकडे धावला. त्यानं तो कोट पोरीच्या अंगावरून ओरबाडून काढला आणि तिला छातीशी धरलं. खालून भडक केशरी जाकीट निघालं. आपणच ते झाकलं होतं. आणि आपणच "मार" म्हणालो होतो.

"गस," शेवटी तो म्हणाला, "तुला दिसलं नव्हतं का रे, तो नर होता ते?"

"दिसलं होतं. कडंसुद्धा दिसलं होतं."

"मी मार म्हणालो, तेही ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय मामा! कुणीतरी मादी म्हणालं ना." गसनं बाहीनं नाक पुसलं. "भांडण नंतर."

व्हर्लिन त्या पोराकडे बघतच राहिला. हंगामाचा शेवटचा दिवस, पहिला कोंबडा, मोठा माणूस मार म्हणतोय, आणि डोळ्यांना दिसतंय की हाक चुकीची आहे. त्या वयात आपण नळी खाली केली असती का? नाही. छे, मुळीच नाही. आपल्या हातून बार गेला असता. एवढंसं पोर, अजून आवाजही फुटलेला नाही, पण आज आपण त्याच्यासमोर टोपी काढावी असं व्हर्लिनला मनापासून वाटलं.

"पण ओरडलं कोण?" टेसा जवळ आली होती. तिचा चेहरा उतरला होता. "मी नाही ओरडले, मामा. माझ्या पलीकडून आला आवाज. अगदी शेजारून. मी बघितलं... कुणी नव्हतं."

"चला," व्हर्लिन म्हणाला. "निघू या आता."

विनीचा हात त्यानं सोडला नाही. कुंपणापाशी आल्यावर त्यानं रोजच्या सवयीनं विचारलं, "बंदुका?" तार ओलांडण्याआधी प्रत्येकानं बंदूक उघडून काडतूस काढायचं आणि तसं सांगायचं, ही आमच्याकडची रीतच आहे.

"रिकामी," टेसा म्हणाली.

"रिकामी," गस म्हणाला.

"माझीही रिकामी."

मागे पाणकणसांत खट्ट झालं. बंदूक उघडल्याचा आवाज. आणि मग तोच घोगरा आवाज, दमानं...

"रिकामी."

हेझलनं तिकडे बघून शेपूट हलवली. बाकी कुणी हललं नाही. तेव्हा गसनं केलं काय, तर डोक्यावरची टोपी काढली, आणि त्या हलत्या गवताकडे तोंड करून म्हणाला, "बरं झालं ओरडलात. आभारी आहे." त्याचा आवाज कापत होता, पण सगळं वाक्य त्यानं पुरं केलं. मग शहाण्यासारखा तार ओलांडून गाडीकडे गेला.

"मामा," विनी कुजबुजली, "तिला नाही विचारलंस."

"कुणाला गं?"

"त्या मुलीला. आत माझ्याबरोबर होती ती."

"तिच्याकडे... बंदूक होती?"

"नाही. लहान आहे ती, माझ्याएवढी. तिच्या अंगावर पण केशरी काहीच नाहीये. सगळं तपकिरी." विनीनं जरा विचार केला. मग डोक्यावरची केशरी टोपी काढून मामापुढे धरली. "ही तिला ठेव ना. माझ्याकडे घरी दुसरी आहे."

नको म्हणायचं व्हर्लिनच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्याला फक्त पोरांना घेऊन तिथून पळायचं होतं. पण विनीच्या चेहऱ्याकडे बघून त्याला नाही म्हणवेना. त्यानं ती टोपी कुंपणाच्या खांबावर अडकवली, आणि मागे न बघता गाडीत येऊन बसला.

काचांवर वाफ धरली होती. वारा एकाएकी पडला होता, धुरळ्यासारखं उडणारं बर्फ खाली बसलं होतं आणि उतरत्या उन्हात सगळी पाणथळ स्वच्छ दिसत होती. गाडी सुरू व्हायला जरा वेळच लागला.

"मामा..." टेसानं मागच्या काचेला हात लावला. "टोपी खांबावर नाहीये."

सगळ्यांनी वळून बघितलं. वाऱ्याची झुळूकही नसताना पलीकडच्या टोकाची पाणकणसं दुभंगत होती. एका जागी नाही, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, सारख्या अंतरानं, सरळ रांगेत. माणसं रांग धरून चालतात तशी. माणूस एकही दिसत नव्हता. फक्त त्या रांगेच्या मधोमध, पोराच्या उंचीवर, एक केशरी ठिपका हलत हलत येत होता. रांग त्यांच्याच दिशेनं सरकत होती, घाई न करता.

आणि मग कोंबडे उठले. एकेक करून नाही, सगळी पाणथळच उठल्यासारखे, ओरडत, सोनेरी छात्या उन्हात झळकवत, गाडीच्या टपावरून, काचेसमोरून, थव्यामागून थवे. एवढे फेझंट व्हर्लिननं जन्मात पाहिले नव्हते. रिकामी बंदूक मांडीवर घेऊन गस वर बघत होता, तोंड उघडं, आणि डोळ्यांत हाव म्हणून नव्हती.

"कोंबडा," तो पुटपुटत होता. "कोंबडा... मादी... कोंबडा... मादी..."

व्हर्लिनला आता काही बघायचं नव्हतं. त्यानं गिअर टाकला. चाकं बर्फात जागच्या जागी फिरली, घसरली, पुन्हा फिरली. मागे पाणकणसांची सळसळ काठापर्यंत आली आणि सगळी एकदम थांबली.

मग कुंपणाची तार वाजली, कुणीतरी हातानं खाली दाबून पाय पलीकडे टाकावा तशी. जरा वेळानं पुन्हा वाजली. आणि पुन्हा.