उत्तर टोक, चिमणी वळतोय

ही घटना खरी आहे. शपथ मी घेत नाही. उठता-बसता शपथा घेऊ नयेत. पण ज्यांच्यावर हे बेतलं ते माझे थोरले दीर आहेत आणि त्यांचा उतरलेला चेहरा मी रोज बघते.

आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादा पिकांवर औषध फवारणारं विमान चालवायचे. सकाळी वारा पडलेला असताना, झाडांच्या शेंड्यांना लागून. तिथं वाट दाखवणारं कुणी नाही. दोन विमानं एकाच शिवारावर असली की नियम एकच: शेताच्या टोकाला वळण्याआधी रेडिओवर सांगायचं.

जोडीदार वयानं लहान. इतकी बडबड, की सगळे त्याला चिमणीच म्हणायचे.

"उत्तर टोक, चिमणी वळतोय! दादा, जागे आहात ना?"

"अरे, कान किटले माझे!"

एका सकाळी दादांनी वैतागून रेडिओचा आवाज बंद केला.

पाचच मिनिटं.

विमानं हवेतच भिडली. दादा कसेबसे उतरले.

चिमणी गेला.

चौकशीत दादा म्हणाले, "तो बोललाच नाही."

जन्माचा बडबड्या, आणि नेमका तेव्हाच गप्प! तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची बायको तेवढी म्हणाली, "ते न सांगता वळणार नाहीत हो." तिला कोण विचारतो?

पुढच्या हंगामाची पहिली सकाळ. लख्ख ऊन. शिवारावर दादा एकटेच.

रेडिओ खरखरला...

"उत्तर टोक. चिमणी वळतोय."

दादांनी मान वळवली. आभाळ मोकळं.

त्यांनी आवाज शून्यावर आणला.

"दक्षिण टोक... दादा, जागे आहात ना?"

हेडफोन काढून फेकले. तरीही...

"समोर. तुमच्याच उंचीवर."

दिसत काहीच नव्हतं. दुसरं इंजिन मात्र ऐकू येत होतं. दादांनी विमान खाली दाबलं. चाकांना फांद्या घासल्या.

"परत समोर."

आता खाली जायला जागाच नव्हती. दादांनी माइक उचलला आणि ओरडले, "आवाज मी बंद केला होता! तू सांगितलं असशील रे, मीच ऐकलं नाही! सोड मला!"

नुसती खरखर...

मग अगदी शांतपणे, "ऐकलं. पण आता मी वळणार नाही. तुम्हीच वळायचं."

दादा उतरले तेव्हा मेकॅनिक शेडमधल्या रेडिओपाशी पांढराफटक उभा होता.

"साहेब, तुमचं सगळं ऐकलं मी."

"आणि त्याचं?"

"कुणाचं?"

दादांनी खरं काय ते लिहून दिलं. चिमणीच्या बायकोच्या दारात जाऊन सांगितलं. विमान कायमचं सुटलं. आम्हाला वाटलं, संपलं.

पण घरात चालता चालता दादा मध्येच थांबतात. पाठ भिंतीला टेकवतात, श्वास रोखतात... आणि कशाला तरी वाट देतात. दिवसातून वीस-वीस वेळा.

काल बोळात मी पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या मागेच होते. ते भिंतीला टेकले. का कोण जाणे, मीही टेकले.

खिडक्या बंद होत्या...

माझे केस मात्र उडाले.