तिसरी रेघ

सास्काटूनमध्ये उजाडत होतं आणि फलटणला दिवेलागण झाली होती. ईश्वरीने आलं किसून चहा टाकला, साखरेच्या डब्याला फोन टेकवून उभा केला आणि मनगटावरची स्पंदपट्टी सारखी केली. पलीकडे शार्दूलने आपला कप कॅमेऱ्यासमोर धरला. खालचा जनावरांचा दवाखाना बंद करून तो नुकताच वर आला होता. शर्टाच्या बाहीला कडब्याचं पातं चिकटलेलं होतं.

"तुझी पट्टी हिरवी झाली?" त्याने विचारलं.

"नाही रे. पिवळीच आहे."

"थांब, मी जरा सावकाश श्वास घेतो."

"मुद्दाम घेतलेला कळतो तिला. तू आपला चहा पी."

लग्नाचे फोटो, व्हिडिओ, वर्षानुवर्षांची संभाषणं, सगळं यंत्राकडून पाच मिनिटांत बनवून घेता येऊ लागलं, तेव्हा नवरा-बायको असल्याचे जुने पुरावे निकालात निघाले. जोडीदाराला कॅनडात कायमचं बोलावून घ्यायचं तर नातं खरं असल्याचं सिद्ध करावंच लागे. मग सहस्पंदन चाचणी आली. एकमेकांशी जोडलेल्या माणसांचे श्वास आणि नाडी जवळ असताना, बोलताना नकळत एका लयीत येतात, हे फार पूर्वीच लक्षात आलं होतं. आता ते बोटभर रुंदीच्या पट्टीने मोजता येत होतं; लय जुळली की तिच्यावर हिरवा उजेड येई, नाही तर पिवळा. अंतरामुळे आवाज पोचायला लागणारा उशीरही पट्टी हिशेबातून वगळत असे. दोघांनी महिनाभर ती घालायची, मग परीक्षकासमोर बसायचं. ज्याचं नातं खरं त्याने घाबरायचं कारण नाही, असं सगळेच म्हणत.

ईश्वरी आणि शार्दूलही तसंच म्हणत होते. लग्नानंतर जेमतेम दीड वर्ष त्यांनी एकत्र काढलं होतं. मग तिला इथल्या वृद्धाश्रमात परिचारिकेची नोकरी मिळाली. ती पुढे गेली, तिला कायमचा परवाना मिळाला. आता फक्त त्याला बोलवायचं राहिलं होतं. त्या राहण्यालाच तीन वर्षं लागली.

चाचणीच्या दिवशी परीक्षक म्हणून लोरेन नावाची पिकल्या केसांची बाई होती. तिने भिंतीवर श्वास-नाडीच्या दोन रेघा उमटवल्या, एक निळी, एक केशरी. शार्दूल बाजूच्या पडद्यावरून बघत होता.

"केशरी तुमच्या पतींची," लोरेन म्हणाली. "तुम्ही बोलायला लागलात की ती तुमच्या मागे येते. त्यांच्याबद्दल काहीच शंका नाही. निळी तुमची. ती त्यांच्या मागे जात नाही."

"मी कामावरून दमून येते," ईश्वरी म्हणाली. "झोपही पुरी होत नाही."

"ते हिशेबात धरलेलं असतं." लोरेन जरा घुटमळली. मग तिने तिसरी, करडी रेघ उमटवली. निळी रेघ तिच्या अंगाला अंग लावून धावत होती. "अगदी जवळ बसलेल्या माणसाचा श्वासही पट्टी टिपते. दुपारी रोज तुमच्याजवळ कुणीतरी असतं. तुमचा श्वास त्या व्यक्तीबरोबर चालतो. कोण आहे ती व्यक्ती? हे विचारणं मला भाग आहे."

पडद्यावर शार्दूल पुढे वाकला. ईश्वरीने दुपारची कामं मनातल्या मनात मोजली. मग एकदम लक्षात आलं आणि तिला हसूच फुटलं.

"ते पेत्रो! आमच्या वृद्धाश्रमात असतात. नव्वदीचे आहेत हो. मी त्यांना जेवू घालते."

पेत्रो आयुष्यभर गव्हाची शेती केलेला माणूस. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती आणि गिळणंही अवघड झालं होतं. घास नरड्यात अडकू नये म्हणून त्यांचा श्वास ओळखून चमचा ओठांशी न्यावा लागे. दुसऱ्या कुणी भरवायला घेतलं की ते तोंड मिटून घेत.

लोरेनने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा मवाळ झाला, पण निकाल बदलला नाही. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मला दोन रेघा जुळलेल्या दाखवाव्या लागतात. काही महिने एकत्र राहा. पट्टी घाला. पुन्हा अर्ज करा."

त्या दिवशी नंतर शार्दूलने फोन लावला. म्हणाला, "गाय अडली की वासरू सोडवताना माझाही श्वास तिच्याबरोबरच चालतो, ईश्वरी. मला कळतं ते. म्हाताऱ्यावर माझा राग नाही."

"मग?"

"माझ्याबरोबर का चालत नाही, एवढंच विचारतोय."

त्याचा श्वास कसा होता, हे आठवायचा तिने प्रयत्न केला. त्याचा चेहरा रोज दिसत होता, आवाज रोज ऐकू येत होता. पण शेजारी झोपलेल्या शार्दूलचा श्वास तिला काही केल्या आठवेना. यंत्र चुकलं असं स्वतःला सांगणं त्यानंतर तिला जमलं नाही.

तिने काही महिन्यांची बिनपगारी रजा काढली. निघण्यापूर्वी नव्या परिचारिकेला पेत्रोंच्या खुर्चीशेजारी बसवून घास केव्हा द्यायचा ते पुन्हा पुन्हा दाखवलं. पेत्रो ईश्वरीकडे बघत होते. तिने त्यांचा हात धरून "लवकर येते" असं मराठीतच सांगितलं.

फलटणला पहिले काही दिवस पाहुण्यासारखे गेले. शार्दूलने पलंगाला नवी गादी केली होती, तिला आवडतात म्हणून सीताफळं आणून ठेवली होती. पण एक गोष्ट तिला खटकू लागली. ती समोर बसून काही विचारायची आणि तो उत्तर द्यायला अर्धा क्षण थांबायचा. फोनवर तिचा शब्द पोचायला जेवढा वेळ लागे, तेवढाच. तीन वर्षांत त्याच्या अंगाला ती सवय जडली होती. तिला वाटे, आपलं बोलणं त्याला आवडलं नाही. म्हणून ती दुसरं काहीतरी बोलून टाकायची, आणि त्याचं पहिलं उत्तर तिच्या दुसऱ्या वाक्यावर येऊन आदळायचं. दोघं ओशाळून हसायचे. आता त्याचीही पट्टी पिवळी राहू लागली.

"पडद्यातली तू मला पाठ झाली होतीस," तो एकदा म्हणाला. "ही जरा घाईची आहे."

असे आठवडे गेले. एका दुपारी वृद्धाश्रमातून निरोप आला. पेत्रोंनी जेवण सोडलं होतं. नळीने अन्न द्यायचं नाही, असं त्यांनी बोलता येत असतानाच लिहून ठेवलेलं. तिथल्या मध्यरात्री झोपेतच ते गेले.

ईश्वरी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिली. शार्दूल जेवायला वर आला तेव्हा कुकर तसाच बंद होता. तिने फोन त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं. तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"कसं भरवायचीस त्यांना?" त्याने विचारलं. "मला दाखव."

"आता?"

"हो. मला बघायचंय."

तिने कुकर उघडला. मऊ भातावर तूप घातलं, चमचा घेतला. ती त्याच्या छातीकडे बघत राहिली. छाती वर गेली, थांबली, खाली आली आणि चमचा ओठांशी गेला. पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या घासाला शार्दूलच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. त्याने ते पुसलं नाही. ती भरवत राहिली आणि रडत राहिली. तिचा हुंदका आला की तो घास तोंडात धरून थांबायचा, ओसरला की गिळायचा. वाडगा रिकामा झाला तेव्हा दोघांच्या मनगटांवर हिरवा उजेड होता.

त्यानंतर तो हिरवा उजेड गेला नाही. कमी-जास्त होत राहिला, पण टिकला. दुसरी चाचणी सरळ पार पडली. लोरेनने पडद्यावरून आनंदाने अभिनंदन केलं, आणि उन्हाळा संपता संपता शार्दूलचा परवाना आला.

त्याने दवाखाना एका ओळखीच्या डॉक्टरच्या ताब्यात दिला. सामान बांधायला घेतलं. थंडीचे कपडे घडी करून देता देता ईश्वरीच्या लक्षात आलं, तो बॅगेजवळ नुसताच बसलाय.

"त्या दुपारी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू मला भरवत होतीस की त्यांना?"

तिच्या हातातला स्वेटर तसाच राहिला. खोटं बोलणं सोपं होतं. खोटं बोलली असती तर त्यालाही ते मानायचंच होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही, शार्दूल."

त्याने मान हलवली. खाली नवा डॉक्टर कुणाची तरी शेळी तपासत होता. तिचं ओरडणं वरपर्यंत येत होतं. शार्दूलने ते थांबेपर्यंत कान दिला. मग त्याने तिच्या हातातून स्वेटर घेतला, बॅगेत ठेवला आणि विचारलं,

"तिथं गेल्यावर तरी कळेल का गं आपल्याला?"