आगंतुक

"हे काय झालंय?" डॉ. अरुंधती देवस्थळीच्या हातातला चिमटा हवेतच थांबला.

मिरजेतल्या एका बालरुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात चार वर्षांची तेजल टेबलावर गाढ झोपली होती. तिच्या यकृताच्या उजव्या खंडात कर्करोगाची गाठ होती. गाठ खंडासकट काढायची आणि निरोगी डाव्या खंडावर पोरीनं जगायचं, असा सरळ बेत होता. पडद्यावर गाठ हिरवीगार चमकत होती, ते ठीकच. पण ज्याच्या भरवशावर हा सगळा खटाटोप, तो डावा खंडही चमकत होता. कणाकणानं, सगळीकडे.

"तांबोळी, तुमचं रसायन बिघडलंय."

"बिघडायला ते काय दूध आहे?" डॉ. हमीद तांबोळी कॅमेऱ्यामागून म्हणाले. हे प्रतिदीप्त रसायन त्यांनीच बनवलेलं, आणि 'आगंतुक' हे नावही त्यांचंच. "तेजलच्या रक्तावरून घडवलंय ते. प्रत्येक पेशीची जनुकं तपासतं. तिची स्वतःची पेशी असेल तर अंधार, वेगळी असेल तर उजेड. कर्करोगाच्या पेशीची जनुकं बदललेली असतात, म्हणून ती चमकते. आपलं की परकं, त्याला एवढंच कळतं."

म्हणजे रोग सगळीकडे पसरला होता. डावा खंडही काढला तर पोर जगणार नाही, ठेवला तर रोग तिला खाणार. नुसत्या डोळ्यांना मात्र तो खंड अगदी तुकतुकीत दिसत होता. विश्वास डोळ्यांवर ठेवायचा की पडद्यावर, अरुंधतीला काही सुधरेना. शेवटी तिनं चमकणारा एक कण खुडून शेजारच्या खोलीतल्या जनुकवाचक यंत्राकडे पाठवला.

उत्तरानं गोंधळ मिटायचा तो वाढलाच. पेशी पूर्ण निरोगी होत्या. पण तेजलच्या नव्हत्या.

तांबोळींचा चेहरा खुलला. "आईच्या असणार! गरोदरपणी आईच्या थोड्या पेशी बाळात उतरतात, मुक्कामच ठोकतात." मग त्यांनी पुढचा मजकूर वाचून दाखवला. "आई-बापाच्या रक्ताशी ताडलंय. निम्मी जनुकं आईची, निम्मी बापाची. आणि पेशी मुलाच्या आहेत."

"मुलीच्या यकृतात मुलगा?"

"सख्खा थोरला भाऊ. पोटातल्या बाळाच्या पेशीही आईत राहून जातात. तिच्यातून पुढच्या बाळात येऊ शकतात."

"अहो, हिला थोरला भाऊच नाहीये. एकुलती एक आहे ही."

"मग माझं रसायन आणि हे यंत्र, दोन्ही खोटं बोलतायत," तांबोळी हताशपणे म्हणाले. "आणि मग त्या पेशी निरोगी आहेत, यावरही भरवसा ठेवता येणार नाही."

अरुंधती भूलतज्ज्ञाशी दोन शब्द बोलली आणि गाऊनवरच बाहेर आली. बाकावर तेजलची आई रेवती चौगुले आणि शेजारी तिची सासू बसली होती.

"तेजलच्या आधी कधी दिवस राहिले होते का?"

"न्हाई ओ, पयलीच ही," सासूबाईंनी प्रश्न वरच्या वर झेलला. रेवतीनं मान खाली घातली.

अरुंधतीनं सासूबाईंना पाणी आणायला पाठवलं आणि ती रेवतीजवळ बसली. आत काय दिसलं ते तिनं न सजवता सांगितलं. "तुम्ही 'नाही' म्हणालात तर मला तो रोग समजावा लागेल. 'हो' म्हणालात तर तो खंड राहील. मलाच काही कळेनासं झालंय, म्हणून विचारतेय."

सासू लांब गेलीय ना, हे रेवतीनं आधी वळून पाहून घेतलं.

"पाचव्या महिन्यात पोटातच गेला," ती म्हणाली. "मुलगा होता म्हणून सिस्टर बोलल्या. मला बघू पण दिलं नाही. घरात कुणी विषय काढायचा नाही, असं ठरलं. मी पण नाही काढला." मग एकदम तिनं मान वर केली. "तो आत हाय?"

"त्याच्या पेशी आहेत. तेजलचं यकृत बरंचसं त्यांच्यावरच चाललंय."

रेवतीनं अरुंधतीची बाही घट्ट धरली.

"एकदा काढलाय ओ त्याला. परत नका काढू."

"नाही काढत," अरुंधती म्हणाली आणि पुन्हा हात धुवायला गेली. गाठीबरोबर उजव्या खंडातूनही तो थोडा जाणारच होता, हे काही तिला सांगवलं नाही.