मिशीवाली गरोदर बाई

"आधी माझं घ्या," म्हणत तो खुर्चीत बसला, बाही वर सारली आणि हात असा पुढे केला, जणू अंगठीच घालून घ्यायची आहे.

तिनं वर पाहिलं. ती तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतली. नर्स रजेवर, म्हणून आज रक्त काढायला तिला वर धाडलेलं. एरवी दिवसभर मशीनशी गप्पा. मशीन निदान मिशीतल्या मिशीत हसत तरी नाही.

"अहो, हा अभ्यास गरोदर बायकांचा आहे."

"ठाऊक आहे, मॅडम. पण माझी बहीण सुईला घाबरते. मला टोचलेलं पाहिलं की बसेल. आणि नुसतं नाटक नको हं, ती महालबाड आहे, लगेच ओळखेल."

"दाद्या, तू आडवा होशील," दारातून बहीण म्हणाली. तिला तिसरा महिना लागला होता.

"मी? मी लोकांना गाडी शिकवतो गं. रोज मरणाच्या शेजारच्या सीटवर बसतो!"

सुई गेली. मिशी सोडून सगळा माणूस पांढरा पडला. पण हात जागचा हलला नाही, हे तिनं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"यात... शोधता काय तुम्ही?" त्यानं छताकडे बघत विचारलं.

"खुणा."

"खून?"

"खुणा हो! काही जणींना पुढे सहाव्या-सातव्या महिन्यात साखर वाढायचा त्रास होतो. त्याच्या खुणा आत्ताच रक्तात दिसतात का, ते बघतो. काही खुणा आईवडिलांकडून आलेल्या असतात."

त्याची थट्टा एकदम आटली. "आमच्या आईला झाला होता हा त्रास. माझ्या वेळी. उशिरा कळलं... मी पावणेपाच किलोचा, आणि ती जेमतेम वाचली." मग बहिणीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "हिचं नीट बघा हं, मॅडम. प्लीज."

"बघते," ती म्हणाली. एवढंच. पण कान का तापले, कोण जाणे.

बहिणीनं हात दिला. दिला म्हणजे काय, डोळे मिटून अशी काही किंकाळी फोडली की तिघंही खो खो हसत सुटली. आणि त्या हसण्याच्या नादात प्रयोगशाळेच्या बाईसाहेबांनी बहिणीचं स्टिकर चिकटवलं भावाच्या नळीवर. बहिणीची नळी बिनस्टिकरची म्हणून गेली कचऱ्यात. आजवर कधी न चुकलेली मुलगी ती! पण समोर असली मिशी असल्यावर...

आठवड्यानं त्याचा फोन वाजला.

"तुम्ही... गरोदर आहात का?"

"अं? कोण बोलतंय?"

"प्रयोगशाळेतून. आमच्या मशीनचं म्हणणं आहे की तिसऱ्या महिन्यातल्या या बाई पुरुष आहेत." आवाज रडवेला झाला. "माझी चूक झाली हो. तुमच्या बहिणीला पुन्हा टोचावं लागेल. आणि त्या येणार नाहीत, हो ना?"

पलीकडून आधी खुदकन हसू. मग असा गडगडाट की तिनं फोन कानापासून लांब धरला.

तासाभरात भावासोबत बहीण हजर, हसून हसून डोळ्यांत पाणी. "घ्या, हवं तितकं रक्त घ्या! पण दाद्याला किती महिने झालेत, ते आधी सांगा!" सुई कधी गेली, तिला कळलंही नाही.

तो मात्र रेंगाळला. "मॅडम... माझ्यात काय दिसलं मग?"

तिनं त्याला खाली नेलं. थंडगार खोली, मशीनची बारीक घरघर, पडद्यावर त्याच्या डीएनएच्या अक्षरांच्या ओळीच ओळी. तिनं एका अक्षरावर बोट ठेवलं.

"ही खूण. हीसुद्धा. आणि ही. आईला त्रास होता म्हणालात ना... यातल्या काही तिच्याकडूनच आल्या असणार."

तो वाकला. इतका की त्याच्या श्वासानं पडद्यावर धुकं धरलं.

"आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली," तो म्हणाला. "घरात तिचा धड एक फोटो नाही. आणि ती... ही इथे आहे?"

"तुमच्या प्रत्येक थेंबात."

त्यानं त्या अक्षरावर हलकेच बोट टेकवलं. बडबड्या माणूस गप्प झाला की खोली केवढी मोठी वाटते! ती हजारो वेळा या ओळींसमोर बसली होती. पण त्यात कुणाची तरी आई असते, हे तिला आज दिसलं. तिनं हळूच त्याच्या मनगटावर हात ठेवला. या वेळी सुईशिवाय.

बहिणीच्या रक्तातही खुणा निघाल्या. "गोड बातमी म्हणतात ती यासाठी होय?" म्हणून ती चिडली, रडली, आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं मोजूनमापून जेवायला लागली. जेवण झालं की दादा तिला चालायला नेई. मग मॅडमही येऊ लागल्या. "पाहणी करायला," म्हणे! कसली पाहणी, ते बहिणीला पहिल्याच दिवशी कळलं. ती मुद्दाम चार पावलं पुढे चालायची.

सातव्या महिन्यात साखरेचं पाणी पिऊन तपासणी झाली. बहीण आत बसलेली, हे दोघं बाहेर बाकावर. तो नखं खात होता. दार उघडलं. बहिणीनं कागद नाचवला, "नॉर्मल! सगळं नॉर्मल!" आणि नवऱ्याला फोन लावत पळाली. सातव्या महिन्यात जमेल तेवढी.

त्यानं डोळे पुसले. "म्हणजे तुझं मशीन चुकलं?"

"खूण म्हणजे निकाल नव्हे रे. पुढे वळण आहे, एवढंच ती सांगते. आपण गाडी हळू घेतली."

"हं." तो बाकाच्या कडेशी खेळत राहिला. "माझ्यात तर सगळ्याच आहेत. उद्या माझ्या मुलांनाही... म्हणजे, कुणी मुद्दाम असल्या माणसाशी—"

"सगळ्या नाही जात," ती घाईघाईनं म्हणाली. "साधारण अर्ध्याच जातात. बाकीचं अर्धं माझंच असेल ना!"

आणि मग आपण काय बोललो, ते तिचं तिलाच ऐकू आलं.