न पुसलेली गालगादी

हे खरं घडलंय. पटत नसेल तर मार्लिसला विचारा. ती आता बहिणीकडे, ईरीला राहते. हा विषय काढलात तर आधी हात धुऊन येईल, मग बोलेल.

जागा : पेनसिल्व्हेनिया, वॉरन गावाबाहेरचं घर. वेळ : हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या आठवड्यातली दुपार.

रात्र नव्हे. लख्ख दुपार.

मार्लिसचा नवरा व्हर्नन कुल्मन. त्याच्याकडे कोरियाच्या लढाईतली एक स्नायपर रायफल होती. ती त्याने वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्याने जमवली होती. दुर्बीण टेक्ससहून, पट्टा लिलावातून, एकेक स्क्रू भिंगाखाली धरून. येत्या शनिवारी जुन्या बंदुकांच्या क्लबात तिथला पारखी लामार स्टोल्ट्झ ती तपासणार होता. लामार ‘अस्सल’ म्हणाला की संपलं. मग कुणाची बोट दाखवायची हिंमत नाही.

व्हर्ननला आयुष्यात तेवढंच ऐकायचं होतं.

एकच भाग कमी होता. गालगादी.

या रायफलची दुर्बीण मधोमध बसत नाही, डावीकडे सरकलेली असते. म्हणून दस्त्यावर चामड्याची गादी नाडीने आवळतात. नेमबाज तिच्यावर गाल टेकवतो. नकली गाद्या पोत्याने मिळतात. अस्सल...

अस्सल त्या दुपारी मिळाली. आर्डिथ नावाच्या विधवा बाईने ती गॅरेजमधून आणून दिली. हातात नाही. मांस भाजायच्या चिमट्यात धरून.

“काय द्यायचं, बाई?”

“मीच देते काहीतरी. पण ने. आणि हा चिमटाही ने.”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हर्ननने भिंग लावलं. शिक्का बरोबर. टाके बरोबर. आतला दाबलेल्या लोकरीचा नमदा, तोही बरोबर. आणि जिथे गाल टेकतो तिथे एक काळा, चकचकीत डाग. घामाचा. तेलाचा. माणसाचा.

व्हर्नन हरखला.

आम्हा जुन्या बंदुका जमवणाऱ्यांचं सोवळं उलटं असतं. जुन्या वस्तूवरचा मळ पुसायचा नाही. मळ हाच पुरावा. नकली माल विकणारे चहा फासतात, बुटाचं पॉलिश फासतात, पण वर्षानुवर्षांची गालाची चरबी कुठून आणणार? पुसली की वस्तू मेली.

त्याने डागावर बोट ठेवलं.

बोट... ओलं झालं.

इतकी वर्षं गॅरेजमध्ये पडलेलं चामडं. ओलं. आणि कोमट.

नाही, आधी वासाचं सांगायला हवं होतं. आंबलेल्या टोपीचा वास असतो ना, तो. त्यात कच्चा कांदा. आणि त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर, जे नाकातून घशात उतरतं आणि तिथेच बसतं.

“व्हर्न,” मार्लिस खिम्याच्या मीटलोफचं भांडं घेऊन दारातच थांबली, “ते मढं टेबलावरून उचल.”

“मढं नाही, १९५२चं आहे.”

“मग सत्तर वर्षांचं मढं. साबण लाव त्याला.”

“साबण! बाई, तू चर्च पेटव म्हणालीस तरी चालेल, पण साबण म्हणू नकोस.”

“मग तूच खा इथे बसून.”

तो बसला. खाल्लं नाही.

खिडकीत माश्या होत्या. थंडी पडली की आमच्याकडे माश्या घरात शिरतात, तावदान काळं होतं. सगळ्या तिकडेच होत्या. मीटलोफवर दोन.

गादीवर... एकही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला.

चट्ट.

घामेजलेला गाल चामड्यावरून सुटतो, तसा. मग शांतता. मग... चट्ट.

व्हर्नन आत गेला. रायफल स्टँडवर, दस्त्यावर गादी आवळलेली. जवळ कोणी नाही. डाग मात्र बशीएवढा पसरलेला.

गुरुवारी त्यावर केस दिसले.

नमदा उसवला असेल, त्याने मनाशी म्हटलं. भिंग लावलं. तांबूस, आखूड, ताठ. सगळे एकाच दिशेने. त्याने चिमटीत एक धरून उपटला. मुळाशी पांढरा ठिपका होता.

आणि चामडं शहारलं.

तो सिंकमध्ये ओकला. तोंड पुसून परत आला. कारण परवा शनिवार होता. कारण केस दिसले तर लामार म्हणणार, आत घोड्याचे केस भरलेत, नकली आहे.

शनिवारी सकाळी व्हर्ननने आपला रेझर घेतला. पाणी नाही, साबण नाही. डाग जायला नको. कोरडीच...

खर्र. खर्र. खर्र.

मार्लिस दारात उभी होती. “देवा,” एवढंच म्हणाली.

क्लबात लामारने सगळे भाग तपासले आणि शेवटी, त्याची पद्धतच ती, डोळे मिटून गादीवर गाल टेकवला. बराच वेळ टेकवला. उचलला तेव्हा गाल आणि चामडं यांच्यामध्ये एक चिकट तार ताणली गेली... आणि तुटली.

“तेल लावलंस?”

“नाही.”

“पुसलीस?”

“आईशप्पथ नाही.”

लामारने बोटं हुंगली. चेहरा आंबट झाला. “बनावट मळ सुकतो, कुल्मन. हा सुकलेलाच नाही. तुझ्याऐवजी हिलाच घाम फुटलाय.” लोक हसले. “अस्सल. सगळीच्या सगळी. पण आता पुसलीस तर माझा शब्द परत घेईन.”

टाळ्या वाजल्या. व्हर्नन रडला. आनंदानेच, असं तो सांगतो.

“आता फेक,” घरी मार्लिस म्हणाली. “ऐकायचं ते ऐकलंस ना?”

“तिच्याशिवाय रायफल अपुरी आहे, मार्लिस.”

रविवारी गादीवर खुंट परत आले होते. मार्लिसने बॅग भरली.

मधे एकदा ती हिवाळी कोट न्यायला त्या घरी गेली होती. सकाळची वेळ. बाथरूमचं दार उघडं. व्हर्नन आरशासमोर, अर्धा चेहरा फेसाने माखलेला. रायफल बेसिनला टेकवून ठेवलेली. त्याने स्वतःचा गाल उरकला. मग रेझर कोरडा करून गादीकडे वळला.

“दुखत नाही ना?” तो हळूच म्हणाला. मार्लिसला नाही.

पातं जवळ गेलं. आणि दाढी करताना पुरुष करतात ना, अगदी तसंच...

गादीने आतून गाल फुगवला.