सगळ्यात संथ श्वास

बसा असे जवळ, आणि मध्ये प्रश्न विचारू नका. सांगताना मला कुणी तोडलं की मी चिडते, हे आमच्या वॉर्डाच्या भिंतींनाही ठाऊक आहे.

तेवीस वर्षं मी नर्स आहे. छातीच्या रोग्यांचा वॉर्ड, नऊ खाटा. त्या दिवसांत पाचव्या खाटेवर माझे स्वतःचे बाबा होते. फुप्फुसं थकली होती. एरवी भिंतीवरच्या घड्याळाशीही हुज्जत घालणारा माणूस सहा दिवस एक शब्द बोलला नव्हता. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, मनाची तयारी ठेवा." मी म्हटलं, "माझ्या मनाची नको, त्यांना घरी न्यायची तयारी करा."

दुपारी दोन ते तीन वॉर्डात विश्रांतीची वेळ. दर बुधवारी तेव्हा चार वादक यायचे. वाद्यं कुठल्या कुठल्या मुलखांतली. एकाकडे काशाच्या वाट्या, एकाकडे पोकळ भोपळ्यावर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी छेडायच्या. एका बाईंकडे मांडीवरची लांब तारांची पेटी. चौथा माणसाच्या उंचीचा लाकडी नळा फुंकायचा, त्याचा आवाज कानाआधी तळपायांना कळायचा. ना ताल, ना चाल, ना मुखडा. मी आधी नाक मुरडलं होतं. पण गोळी घेऊनही न झोपणारे रोगी त्या सुरांवर पाच मिनिटांत गाढ झोपायचे, मग मी कशाला बोलू?

वाटीवाले काका त्यांचे म्होरके. त्यांनी एकदा पद्धत सांगितली होती. डोळे मिटायचे, खोलीतला सगळ्यात संथ श्वास कानांनी शोधायचा आणि त्याच्या चालीनं वाजवायचं. बाकीचे श्वास आपोआप त्याच्यामागे येतात. तो श्वास कुणाचा, हे मात्र डोळे उघडून बघायचं नाही.

त्या बुधवारीही तसंच सुरू झालं. पडदे ओढलेले, फिनेलचा वास, आठ रोगी. खिडकीजवळची नववी खाट सकाळीच रिकामी झाली होती, तिची चादर मी स्वतः ताणून खोचली होती. टेबलाशी बसून मी तापाचे तक्ते भरत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं, एक आकडा लिहायला मला फार वेळ लागतोय. हात जड झाला होता.

मान वर केली. आठही छात्या एकदम वर जात होत्या, एकदम खाली येत होत्या. मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला दहा. पुन्हा मोजलं. सात. बाबांच्या ओठांवर निळी झाक आली होती. मी त्यांना हलवलं, गालावर थापट्या मारल्या. काही नाही. डॉक्टरांसाठी घंटा दाबली आणि काकांकडे धावले.

"काका, बंद करा."

"बंद केलं तर... आहेत तिथेच राहतील, सिस्टर." त्यांचे डोळे मिटलेलेच होते, कपाळावरून घाम ओघळत होता. "सगळ्यांचा श्वास आत्ता सुरांवर आहे..."

"पण धरलाय कुणाचा?"

त्यांनी हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं. "तिथला... फार शांत आहे तो."

नववी खाट. चादर ताणलेली, उशीवर एक चुणी नाही. आणि तिथून श्वास येत होता. लांब, सावकाश, काही घाई नसलेला. वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटासारखा वास. तो श्वास आत गेला, आणि बाहेर यायला इतका वेळ लागला की माझ्या मागची आठही माणसं तितकाच वेळ थांबली.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला. माझ्या वॉर्डात, नोंद न करता, कोणी येऊन झोपतं म्हणजे काय? आणि वर माझ्या बापाला सोबत न्यायला बघतं?

"काका, माझा श्वास धरा."

"तुमचा तर..."

"धरा म्हणते ना."

आणि मी धावले. वॉर्डात धावायचं नाही ही पाटी मीच लावलेली. बावन्न वर्षांची, अंगानं ऐसपैस बाई, दोन रांगांमधून दारापर्यंत आणि परत, दारापर्यंत आणि परत. चपला निसटल्या. चौथ्या फेरीला छातीचा भाता झाला. आधी नळावाल्यानं माझा श्वास पकडला, मग पट्ट्या खणखणल्या, तारा झणझणल्या, काकांच्या वाट्या नुसत्या उसळल्या. खिडकीकडचा श्वास आधी आपलाच हेका धरून होता. मग तो अडखळला. मग त्याला आमच्यामागे फरफटत यावं लागलं. शेवटी कोरडी ढास लागल्यासारखा आवाज झाला आणि ती खाट गप्प झाली.

माझ्यामागे आठ माणसं धापा टाकत उठून बसली. कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला, बाकीच्यांनी उचलला. डॉक्टर दारात पोचले तेव्हा अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवत होता आणि सिस्टर जमिनीवर फतकल मारून बसली होती.

"वय काय, पळतेस काय," बाबा म्हणाले. सहा दिवसांनंतरचा पहिला शब्द, आणि तोही टोमणा. मी तिथेच ओक्साबोक्शी रडले. आनंदानं, दुसरं काय. जिंकले होते मी.

तीन आठवड्यांत बाबांना घरी आणलं. आता भूक लागते, भांडतात, घड्याळ पुन्हा त्यांच्या तावडीत सापडलंय.

गेल्या सोमवारी आम्हा कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी होती. सकाळी अकरा वाजून गेल्यावर एक्स-रेच्या खोलीत मला पाटीला छाती टेकवून उभं केलं. तंत्रज्ञ काचेमागून म्हणाला, "मोठा श्वास घ्या... आता रोखून धरा." यंत्र नीट चालेना, म्हणून बिचाऱ्यानं जरा जास्तच वेळ थांबवलं. मीही हट्टी, धरून राहिले.

संध्याकाळी घरी आले, पर्स खुंटीला लावली. बाबा खुर्चीत बसले होते. त्या दिवशी भांडले नाहीत. छातीवर हात ठेवून हळूच विचारलं, "सकाळी सव्वाअकराला काय करत होतीस गं?"