स्वयंपाकघरामागची खोली

माझं काम काय ते समजावून सांगायला लागले की ऐकणारा मध्येच घड्याळाकडे बघायला लागतो. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण खुनाच्या खटल्यात नुसत्या वकिलानं भागत नाही. डॉक्टर लागतो, ठशांचा जाणकार लागतो, कधी दुभाषा लागतो. यातलं काय खरंच हवं आणि काय उगाच, हे ठरवायचं आणि वर्षाचा पैसा वर्षभर पुरवायचा, हे माझं काम. वकील मंडळी माझ्यामागे मला 'कात्री' म्हणतात. मला राग येत नाही. एका खटल्यात हात सैल सोडला की दुसरा कोणीतरी अर्धवट बचावावर तुरुंगात जातो. तो कधी माझ्यासमोर येत नाही, एवढंच.

त्या दिवशी समोर वकीलबाई बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, बारा महिने सर्दी, टेबलावर आधी रुमाल ठेवायचा आणि मग फाइल, अशी सवय. त्यांना पुन्हा आर्किटेक्ट हवा होता.

"दोनदा दिला," मी म्हणाले. "खून झाला त्या फ्लॅटचा नकाशा झाला, कोर्टात ठेवायच्या मॉडेलचे पैसे मंजूर झाले. आता परत मोजायचं काय?"

"मोजमाप जुळत नाही, मॅडम."

"म्हणजे त्याला मोजता येत नाही."

"तसं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या आणि नाक पुसायला लागल्या.

खटला मला पाठ होता. आरोपी आजारी माणसांची सेवा करणारा. ज्या घरी कामाला असे तिथं त्याला सगळे 'ब्रदर' म्हणत. एका अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे तो दिवसभर असायचा. एका दुपारी आजींच्या तोंडावर उशी दाबली गेली. दार बंद, आत दोघंच. सून घरी आली तेव्हा दार ब्रदरनंच उघडलं. त्याचं म्हणणं एकच होतं आणि ते पहिल्या दिवसापासून बदललं नव्हतं. तो स्वयंपाकघरामागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होता. बाहेर कोणाची तरी पावलं वाजली. त्याला बाहेर यायचं होतं, पण दार सापडेना. बेल वाजली तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा होता.

स्वयंपाकघरामागं खोलीच नव्हती. ती इमारतीची शेवटची भिंत होती. भिंतीपलीकडे उघडी हवा आणि खाली गाड्या लावायची जागा.

मनोविकारतज्ज्ञाचे पैसे मीच मंजूर केले होते. तो म्हणाला, माणूस ठणठणीत आहे. मला तर वाटायचं, माणूस खोटं बोलतोय आणि तेही धड बोलता येत नाही. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. माझे बाबा दोन वर्षांपासून अंथरुणावर होते. मी सकाळी त्यांना सांभाळायला ठेवलेल्या मावशींच्या हवाली करायचे, बाहेरून दार ओढायचे आणि दिवसभर फोन उलटा ठेवायची हिंमत व्हायची नाही. ब्रदरची फाइल उघडली की मी आधी घरी फोन करायचे.

"तुम्ही एकदा येऊन बघा," वकीलबाई म्हणाल्या. "नंतर नाही म्हणा. मी परत येणार नाही."

हे त्यांच्या तोंडून नवीनच होतं. मी गेले.

दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचा टोकाचा फ्लॅट, दाराशी खुर्ची टाकून बसलेला एक पोलीस. त्यानं कुलूप उघडून दिलं आणि स्वतः बाहेरच थांबला. आत बंद घराचा वास. हॉल, दोन झोपायच्या खोल्या, मध्ये बोळ, बोळाच्या शेवटी स्वयंपाकघर. आजींची खाट नेलेली होती. जमिनीवर तिच्या पायांचे चार डाग उरले होते.

आर्किटेक्ट आधीच आला होता. तिशीतला, बडबड्या, असं मला सांगितलं होतं. तो बडबडत नव्हता.

"पहिल्यांदा आलो तेव्हा सगळं बरोबर होतं," तो म्हणाला. "बाहेरून जेवढी लांबी, तेवढीच आतून, भिंती धरून. दुसऱ्यांदा आतली लांबी कमी भरली. मला वाटलं, माझंच चुकलं. आज त्याहून कमी भरतेय."

"किती कमी?"

त्यानं दोन्ही हात पसरले आणि मग जरा आणखी पसरले. "एक खाट बसेल एवढी."

"भिंत जाड असेल."

"एवढी जाड भिंत किल्ल्याला असते, मॅडम." तो हसला आणि लगेच थांबला.

मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं वाजवली. भरीव होती. खालपासून खांद्यापर्यंत पांढऱ्या फरश्या, त्यावर तेलकट पिवळा थर, एका फरशीला तडा. इथं पैसे द्यायचं काही कारण मला दिसेना. आर्किटेक्ट आणि वकीलबाई परत टेप लावायला हॉलमध्ये गेले, आणि माझा फोन वाजला.

"ताई, बाबा तोंड उघडेनात," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच बोला."

आवाज तुटत होता. फोनवर असलं की माझे पाय आपोआप चालायला लागतात. मी चालत चालत बोलत राहिले.

"बाबा, काय झालं?"

"ही बाई मला तान्ह्या बाळासारखं भरवते."

"मग त्यांच्याशी भांडू नका."

"भांडत नाहीये. नुसते दात दाखवतोय. उरलेत तेवढे."

मी हसले, खिडकीच्या कट्ट्याला टेकले, मावशींना संध्याकाळच्या गोळीची आठवण केली आणि फोन मध्येच बंद पडला.

छोटी खोली होती. भिंतीला लागून खाट, तिच्यावर ताणून घातलेलं अंथरूण, एकच उशी, वरची चादर एका बाजूनं दुमडून ठेवलेली. आजारी माणसाला अलगद आत सरकवायचं असलं की दुमडतात तशी. खुर्चीवर चादरींच्या घड्या. इस्त्रीचा वास येत होता. मी सहज वरच्या घडीवर हात ठेवला. ती गरम होती.

खिडकीला दुधी काच होती. तिच्यातून पांढरा, सारखा उजेड येत होता.

या बाजूला फ्लॅटला खिडकी नाही, हे मला तेव्हा आठवलं.

मी वळले. जिथून आले होते तिथं भिंत होती. चुना लावलेली, कोरडी. मी तिच्यावर दोन्ही तळवे फिरवले, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. फट नव्हती. मी मोठ्यानं हाक मारायला हवी होती. मारली नाही, कारण भिंतीपलीकडून आवाज येत होते.

एक म्हातारा खोकला. ओला, थकलेला.

मग पावलं. सावकाश, बोळातून. घाई नसलेल्या माणसाची.

खाटेची करकर.

खोकला अर्ध्यातच थांबला. त्यानंतर जे ऐकू येत होतं त्याला आवाज म्हणता येणार नाही. कपड्यावर कपडा घासत होता. बराच वेळ. मग तेही नाही.

पावलं पुन्हा निघाली. स्वयंपाकघरात आली. फरश्यांपाशी आली.

थांबली.

मी तोंडावर हात दाबून धरला. पलीकडे कोणीतरी भिंतीला कान लावून उभं होतं. श्वास माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर होता.

"मॅडम."

वकीलबाईंचा आवाज पाठीमागून आला. मी वळले आणि स्वयंपाकघरात होते. हातात फोन, पाठ फरश्यांना टेकलेली. दारात वकीलबाई आणि त्यांच्या मागे आर्किटेक्ट. दोघांचे चेहरे उतरले होते.

"कुठे होतात?"

"इथंच."

"इथं आम्ही चार वेळा येऊन गेलो," आर्किटेक्ट म्हणाला. "खाली गाड्यांपर्यंत जाऊन आलो. पोलीस म्हणतोय, दारातून कोणी गेलंच नाही."

गाडीत बसल्यावर मी वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही रुमाल काढला नाही.

"तुम्हाला साक्षीला उभं करता येणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "तुम्हाला वेड्यात काढतील आणि तुमच्याबरोबर त्यालाही. खोलीचं नाव मी कोर्टात काढणारच नाही आता."

"मग मी काय करू?"

"तुम्ही जे करता तेच करा. फक्त या वेळी कात्री घरी ठेवा."

पैसा कशाला हवा ते त्यांनी सांगितलं. कुलुपांचा एक जाणकार होता, परगावचा, महागडा. दाराचं कुलूप बाहेरून उघडता येतं का, हे त्यानं तपासायचं. तपासाला लागेल तेवढा वेळ, शिवाय त्याचं येणं-जाणं, राहणं. ही मागणी माझ्याकडे आधीच आलेली होती. मी ती बाजूला ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी मंजुरी लिहिली. साहेबांनी बोलावून घेतलं. चांगले गृहस्थ, आवाज न चढवता माणसाला घाम फोडणारे.

"या एका खटल्याला तुम्ही दुसऱ्या तिघांचं देताय," ते म्हणाले. "वर्ष संपायला वेळ आहे अजून. कारण?"

"जागेवर जाऊन स्वतः पाहणी केली, साहेब. मागणी योग्य आहे."

"काय पाहिलंत?"

"दार," मी म्हणाले.

"काही उलटं झालं तर जबाबदारी तुमची," ते म्हणाले आणि सही केली. त्या दिवसापासून निकालापर्यंत माझा जीव टांगणीला होता. नोकरी गेली तर मावशींचा पगार कुठून आणायचा, हा हिशेब मी ऑफिसात, बसमध्ये, अंघोळ करतानाही करत होते. बाबांना मी खोलीचं सांगितलं नाही. खटल्याचं तेवढं सांगितलं.

"तो खरं बोलतोय असं वाटतं तुला?" त्यांनी विचारलं.

"तो सांगतो ते खरं आहे एवढं कळलंय."

"मग त्यात वेगळं काय आलं?"

पलीकडे जे कोणी चालत होतं त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता. मी ऐकली ती दुपार कुठली होती, तेही मला माहीत नव्हतं. त्या खोलीत मी एकटीच होते; ब्रदर तिथं नव्हता.

कुलुपाच्या जाणकारानं कोर्टात चोख काम केलं. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या एका फ्लॅटच्या किल्लीनं ते कुलूप उघडलं, न्यायाधीशांच्या समोर, एकदा नव्हे तर सांगतील तितक्या वेळा. 'आत दोघंच होते' हे सरकारी वकिलांचं म्हणणं तिथंच ढिलं पडलं. आर्किटेक्टचं मॉडेलही टेबलावर होतं. त्यातलं प्रत्येक मोजमाप अगदी बरोबर होतं, कारण शेवटच्या वेळी मोजलं तेव्हा फ्लॅट पुन्हा पहिल्यासारखा भरला होता. त्यानं ते मला फोनवर सांगितलं आणि यापुढे आमच्या ऑफिसचं काम घेणार नाही असंही सांगितलं.

ब्रदर संशयाचा फायदा मिळून सुटला.

निकालाच्या दिवशी मी कोर्टात जायचं काही कारण नव्हतं. तरी गेले. बाहेरच्या लांब व्हरांड्यात वकीलबाई लोकांशी हात मिळवत होत्या, आणि तो भिंतीशी एका बाकावर बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. चाळिशीचा, मऊ चेहऱ्याचा, नखं नीट कापलेली. मला बघून तो उठून उभा राहिला.

"वकीलबाईंनी सांगितलं," तो हळू म्हणाला. "तुम्ही आत जाऊन आलात."

मी मान हलवली.

"चादरींच्या घड्या झाल्या होत्या?"

"हो. गरम होत्या."

"आणि खाट?"

"अंथरूण घातलेलं होतं."

"उशीसकट?"

"हो. वरची चादर एका बाजूनं दुमडलेली."

व्हरांड्यातून माणसं जात-येत होती. कोणीतरी कोणाला तरी फोनवर गाडी कुठं लावलीय ते सांगत होतं.

"माझ्या वेळी नुसती गादी होती," तो म्हणाला.

मला तिथून निघायचं होतं. मी पर्स खांद्यावर चढवली.

"घरी कोणी अंथरुणावर आहे का?" त्यानं विचारलं. नव्या घरी कामाला आल्यावर पहिल्या दिवशी विचारतात तसं, आपुलकीनं.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली.

"कुठल्या कुशीवर झोपतात?"